सेकंदाला दहा दिवसांची मजुरी

महापेच्या औद्योगिक वसाहतीत मी रोज ज्या रस्त्यानं जातो त्यावर खिडक्या नसलेल्या काही इमारती आहेत. बाहेरून पाहिलं तर गोदामं वाटावीत. पण गोदामाला इतके जनरेटर लागत नाहीत, आणि गोदामाच्या गच्चीवर थंडाव्याची यंत्रं अशी दिवसरात्र घुमत नाहीत. ही डेटा सेंटरं. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या नोंदी अशा इमारतींत राहतात. कुणाच्या घराचा हप्ता थकला, कुणाच्या ट्रॅक्टरवर किती व्याज चढलं, हे सगळं कुठंतरी आत थंड हवेत ठेवलेलं असतं. दीडशे वर्षांपूर्वी याच गोष्टीला वही म्हणत, आणि ती सावकाराच्या गादीजवळ कापडात बांधलेली असे.

त्या इमारतींसमोरून जाताना मला दोन आगी आठवतात. एक १७८९ च्या जुलैत फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत लागली. शेतकरी जमीनदारांच्या गढ्यांत शिरले आणि कोण कुणाचं काय देणं लागतो याची दप्तरं बाहेर काढून त्यांनी पेटवली. दुसरी १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुपे नावाच्या बाजारपेठेच्या गावात लागली. तिथंही लोकांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. मधे ८६ वर्षं आणि हजारो मैल. सुप्याच्या शेतकऱ्यानं फ्रान्सचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. तरी दोघांचा हात एकाच वस्तूकडे गेला. आणि दोघांच्याही कर्जाचा एक धागा अमेरिकेतल्या युद्धाला जाऊन मिळतो: फ्रान्सचा तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाला, आपला तिथल्या यादवी युद्धाला.

आधी फ्रान्सचे आकडे. मार्च १७८८ मध्ये सोळाव्या लुईच्या मंत्र्यांनी वर्षाचा हिशेब मांडला. जमा ५० कोटी ३० लाख लिव्र. खर्च ६२ कोटी ९० लाख. तूट १२ कोटी ६० लाख. खर्चातले ३१ कोटी ८० लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त, केवळ जुन्या कर्जापोटी जाणारे. आणि एकूण कर्ज ४०० कोटी लिव्रच्या वर.

असे आकडे वाचताना डोळ्यांवरून घसरून जातात, म्हणून त्यांना मजुरीच्या मापानं मोजू. एका लिव्रचे २० सू. पॅरिसमधला साधा मजूर दिवसाला २० ते ३० सू मिळवायचा. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक दिवस म्हणजे एक लिव्र धरू, आणि सणवार वगळून वर्षाला सुमारे २५० दिवस काम. आता ती तूट वर्षाच्या मिनिटांनी भागा. मिनिटाला २४० लिव्र येतात. म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा एक घर सरकला की राजाच्या वहीत एका मजुराची जवळपास अख्ख्या वर्षाची कमाई कमी पडायची. रात्रीसुद्धा, रविवारीसुद्धा. कर्जफेडीचा आकडा याहून भारी आहे: ३१ कोटी ८० लाख म्हणजे दर सेकंदाला दहा लिव्र. एक सेकंद, दहा दिवसांची मजुरी.

आणि मूळ कर्ज? समजा पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडला त्या दिवशी, १४ जुलै १७८९ ला, एक माणूस सेकंदाला एक लिव्र या वेगानं ते ४०० कोटी मोजायला बसला. न झोपता, न जेवता. त्याची मोजणी संपते तेव्हा १९१६ चा एप्रिल उजाडलेला असतो आणि त्याच फ्रान्समध्ये व्हर्दांची लढाई पेटलेली असते. चांदीत मोजायचं तर एका लिव्रमध्ये सुमारे साडेचार ग्रॅम चांदी. ४०० कोटींची १८ हजार टन झाली. दहा टनी ट्रकात भरली तर १,८०० ट्रक. ते एकामागे एक, दहा-दहा मीटरला एक, असे उभे केले तर १८ किलोमीटरची रांग होते. आमचा ठाणे-बेलापूर रस्ता जवळपास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरतो. सकाळच्या कोंडीत त्या रस्त्यावर अडकलेल्या कुणालाही ही लांबी समजावून सांगायला नको.

राजवाड्याच्या उधळपट्टीमुळे फ्रान्स बुडाला असं आपण शाळेत शिकलो. उधळपट्टी होती, आणि ती पाहून लोकांचं रक्त तापत होतं. पण आकडे वेगळंच बोलतात. दरबाराचा खर्च सुमारे साडेतीन कोटी लिव्र, एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आसपास. १७८५ च्या त्या गाजलेल्या हिऱ्यांच्या हाराचं घ्या. ६४७ हिरे, किंमत १६ लाख लिव्र. राणी मारी आंत्वानेतनं तो विकत घेतलाच नव्हता, तिच्या नावावर ठगांनी उचलला होता. तरी बदनामी तिची झाली. एका मजुराला तो हार घ्यायचा तर ६,४०० वर्षं राबावं लागलं असतं. आणि फ्रान्सचं सरकार तेवढी रक्कम कर्जापोटी ४४ तासांत देऊन टाकत होतं. सोमवारी सकाळी सुरू केलं तर बुधवारी पहाटे हार संपला. लोकांना हार दिसत होता. व्याज दिसत नव्हतं.

हे कर्ज वाढलं कशानं? मुख्यतः युद्धांनी, आणि शेवटचा घाव घातला तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानं. इंग्लंडला धडा शिकवायचा म्हणून फ्रान्स १७७८ मध्ये त्यात उतरला आणि १०० कोटी लिव्रच्या वर खर्चून बसला. या चढाओढीची सावली आपल्या अंगणातही पडली होती. १७७७ मध्ये सँ लुबाँ हा फ्रेंच वकील पुण्याला नाना फडणवीसांच्या दरबारी येऊन बसला आणि मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांचं धाबं दणाणलं. पुढच्या वर्षी इंग्रजांची फौज खाडी ओलांडून पनवेलला उतरली, घाट चढली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली. पनवेल महापेहून फार दूर नाही.

युद्धाचा पैसा कर वाढवून उभा करता आला असता. अर्थमंत्री नेकेरनं तो कर्ज काढून उभा केला. १७८१ मध्ये त्यानं राज्याचा हिशेब छापून लोकांपुढे ठेवला. असं आधी कधीच झालं नव्हतं. लाखभर प्रती खपल्या. हिशेबात एक कोटी दोन लाखांची शिल्लक दाखवली होती, कारण युद्धाचा जादा खर्च त्यात धरलाच नव्हता.

आणि कर्ज तरी कसलं? त्यातली एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. सरकार आजन्म वर्षासनं विकायचं: आज एकरकमी पैसे भरा, आणि तुम्ही ज्या माणसाचं नाव द्याल तो जिवंत असेपर्यंत दरसाल आठ-दहा टक्के घ्या. वयाची अट नाही. साठीच्या म्हाताऱ्याला जो दर, तोच सात वर्षांच्या पोरीला. जिनिव्हाच्या पेढ्यांनी हे नीट वाचलं. त्यांनी चांगल्या घरांतल्या, देवी येऊन गेलेल्या म्हणजे त्या रोगातून वाचलेल्या, धडधाकट अशा तीस-तीस लहान मुली निवडल्या आणि त्यांच्या नावांवर लाखो लिव्र लावले. दहा टक्क्यांनी दहा वर्षांत मुद्दल परत. मुलगी पुढे साठ वर्षं जगली तर सरकारनं सहापट मोजायचे. त्या मुली आजारी पडल्या तर शहरातले नामांकित वैद्य धावत. एका बलाढ्य राजाची तिजोरी जिनिव्हातल्या तीस मुलींच्या नाडीवर लटकत होती, आणि ते देणं ज्याच्या करातून जायचं त्या फ्रेंच शेतकऱ्याच्या सात वर्षांच्या मुलीला देवीत वैद्य मिळण्याची काही शाश्वती नव्हती.

माझं म्हणणं इथंच आहे. कर्ज मोठं होतं म्हणून फ्रान्स पेटला हे खरं नाही. इंग्लंडचं कर्ज त्या वेळी २४ कोटी पौंडांच्या घरात होतं, लिव्रमध्ये साडेपाचशे कोटींच्या वर, आणि इंग्लंडची लोकसंख्या फ्रान्सच्या निम्मीही नव्हती. माणशी ओझं फ्रान्सच्या कितीतरी पट. तरी लंडन पेटलं नाही. तिथं संसदेत बसणारे जमीनदार स्वतः कर भरत होते, त्यांनी मंजूर केल्याशिवाय कर लागत नव्हता, आणि म्हणून सावकार त्यांना फ्रान्सपेक्षा बऱ्याच कमी व्याजानं पैसे देत होते. फ्रान्समध्ये कर्ज काढणारा एक, त्यावर जगणारा दुसरा आणि फेडणारा तिसराच होता.

त्या तिसऱ्याचा आकडा पाहू. फ्रान्सची लोकसंख्या २ कोटी ८० लाख. धर्मगुरू सुमारे १ लाख ३० हजार. ते आणि सरदार मिळून शंभरात फार तर दोन. ट्रान्सहार्बर लोकलच्या डब्यात शंभर माणसं आहेत असं धरा. दोघांनी मिळून तिसरा हिस्सा बाकडी घेतली आहेत, कारण देशातली जवळपास एवढी जमीन चर्च आणि सरदारांकडे होती. आणि तिकिटाचा मोठा भार उरलेल्या ९८ जणांवर. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा तैय हा मुख्य कर सरदाराला आणि धर्मगुरूला माफ. वर जमीनदाराचे हक्क वेगळे: त्याच्याच चक्कीवर दळायचं, त्याच्याच भट्टीत पाव भाजायचा, आणि त्यासाठी त्यालाच पैसे द्यायचे. चर्चचा दशांश आणखी वेगळा.

मिठाचं तर ऐकवत नाही. गाबेल नावाचा मिठाचा कर प्रांताप्रांताला निराळा. ब्रिटनीत शंभर पौंड मीठ दोन-तीन लिव्रला. जड कराच्या शेजारच्या प्रांतांत साठाच्या आसपास. वीसपट फरक. आणि मीठ घेणं सक्तीचं: आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सात पौंड, लागो न लागो. घरात अशी चार माणसं असली तर वर्षातले सतरा दिवस त्या घरचा कर्ता नुसता मिठासाठी राबला. महापे, घणसोली, कोपरखैरणे या खाडीकाठच्या आगरी गावांना हे सांगताना मला वेगळं वाटतं. आगर म्हणजे मिठाचं शेत, त्यावरूनच आगरी. मिठावर कर म्हणजे काय हे या किनाऱ्यानं इंग्रजांकडून भोगलं आहे, आणि १९३० मध्ये शिरोड्याला त्यासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत.

१७८८ च्या ऑगस्टमध्ये गोष्टी भराभर घडल्या. १० तारखेला व्हर्सायच्या राजवाड्यात टिपू सुलतानाचे तीन वकील थाटात दरबाराला आले. इंग्रजांविरुद्ध फौज द्या, ही त्यांची मागणी. त्यांना पाहायला नुसती झुंबड उडाली. राजानं मान राखला, फौज दिली नाही. देणार कुठून? सहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, तिजोरीनं रोख देणी थांबवली. नेकेरला परत बोलावलं तेव्हा हातात चारेक लाख लिव्र उरले होते. राज्याचा दिवसाचा खर्च १७ लाखांच्या वर. म्हणजे २ कोटी ८० लाख माणसांच्या राज्याकडे सहा तासांचाही पैसा नव्हता.

मग राजाला प्रजेची आठवण झाली. तिन्ही श्रेणींची सभा त्यानं बोलावली, ती ५ मे १७८९ ला भरली. त्याआधीची १६१४ ची. या अंतराचं माप आपल्याला आपल्याच इतिहासात सापडतं. १६१४ मध्ये शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून सोळा वर्षं होती. १७८९ मध्ये महादजी शिंदे दिल्लीचा कारभार पाहत होते. मराठ्यांचं राज्य उभं राहिलं, वाढलं, अटकेपर्यंत गेलं, पानिपतावर पडलं आणि पुन्हा दिल्लीत पोचलं, एवढ्या १७५ वर्षांत फ्रान्सच्या राजानं ही सभा एकदाही भरवली नाही. आणि भरवली तेव्हा मतं श्रेणीनिहाय मोजायची असं ठरवू पाहिलं: ९८ टक्क्यांचं एक मत, दोन टक्क्यांची दोन.

तोवर पाव महागला होता. १३ जुलै १७८८ ला गारपिटीनं उभी पिकं झोडपली होती, पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा आला. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव एरवी आठ-नऊ सूला मिळे. फेब्रुवारी १७८९ पासून साडेचौदा सू झाला. चार माणसांच्या घराला दिवसाला दोन पाव लागत: २९ सू. मजुरी २० ते ३० सू. बाकी भाडं, जळण, कपडा यांचं गणित कुणीही मांडून पाहावं, ते सुटत नाही.

पॅरिसनं आधी बास्तीय गाठली नाही. शहरात येणाऱ्या मालावर जकात घेण्यासाठी सरकारच्या मक्तेदारांनी नुकतीच एक भिंत बांधली होती, तिला ५४ नाके होते. १४ जुलैच्या आधीच्या दिवसांत त्यातले ४० जळाले. बास्तीयमध्ये तर फक्त सात कैदी होते. लोक तिथं गेले ते बंदुकांसाठी दारू हवी म्हणून. हल्ला करणाऱ्यांपैकी ९८ जण मेले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत खेडी उठली आणि गढ्यांतली दप्तरं पेटली. ४ ऑगस्टच्या रात्री घाबरलेल्या सभेनं सरंजामी हक्क रद्द केल्याची घोषणा केली, पण बऱ्याच हक्कांची भरपाई शेतकऱ्यानंच द्यायची अशी मेख ठेवून. ती मेख निघायला १७ जुलै १७९३ उजाडावा लागला. त्या दिवशीच्या कायद्यानं सरंजामी हक्कांचे कागद गोळा करून जाळायचा हुकूमच सोडला. जे केल्याबद्दल चार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांना फाशी दिलं गेलं होतं, ते आता सरकारी काम झालं.

राजाचं कर्ज मात्र जळालं नाही. ते नव्या सरकारच्या गळ्यात आलं. चर्चच्या जमिनी ताब्यात घेऊन त्यांच्या जोरावर ४० कोटींचे आसिन्या नावाचे रोखे काढले, ते छापता छापता ४,५०० कोटींवर गेले आणि त्यांची किंमत रुपयाला पैसाही उरली नाही. १७९६ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या चौकात छापखान्याचं सामान लोकांसमक्ष नष्ट केलं. पुढच्या वर्षी सरकारनं कर्जाचा दोन तृतीयांश भाग बुडवला. तीस मुलींवर पैसे लावणाऱ्या जिनिव्हाच्या कित्येक पेढ्या त्या आधीच या लाटेत बुडाल्या होत्या.

आता घाटाच्या वर, सुप्याकडे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध लागलं. त्या वर्षी इंग्लंडात तिथून २० लाखांवर गाठी कापूस आला होता. १८६२ मध्ये आल्या फक्त ५५ हजार. जिथं ३६ गाठी येत तिथं एक. लँकेशायरचे माग थांबायला आले आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. १८६२ मध्ये इंग्लंडात आलेल्या कापसातला बहुतांश कापूस इथला होता. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैसा गावोगावच्या सावकारांकडे लोटला, सावकारांनी तो शेतकऱ्याच्या दारात. दख्खनमध्ये कापसाखालची जमीन चार वर्षांत दुप्पट झाली. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळला, आणि जो सावकार काल उंबरठ्यावर येऊन पैसे घ्या म्हणत होता तो मागचं चुकतं करा म्हणू लागला. त्यातच तीस वर्षांची मुदत संपून जमिनीचा सारा नव्यानं ठरला, तोही कितीतरी गावांत दीडपट ते दुप्पट.

कर्जाचा डोंगर कसा चढला ते समजायला एक जुना शब्द हवा: दामदुपट. हिंदू धर्मशास्त्राचा आणि आपल्याकडच्या रूढीचा नियम असा की एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये. शंभर दिले तर एकूण दोनशेच्या वर मागता येणार नाही. चांगला बांध होता तो. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला: कर्जरोखा तीन वर्षंच चालेल. हेतू शेतकऱ्याला वाचवायचा, व्याज साचू नये म्हणून. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागला आणि जुनं मुद्दल अधिक व्याज हे नव्या खतात मुद्दल म्हणून मांडू लागला.

मी वहीत मांडून पाहिलं. दरमहा दोन टक्के, सरळ व्याज. तीन वर्षांत १०० चे १७२. नवं खत: २९६. मग ५०९. मग ८७५. मग १,५०५. सहाव्या खताला, अठरा वर्षं भरताना, २,५८९. यातलं प्रत्येक खत वेगळं काढून पाहा. एकही दामदुपट ओलांडत नाही. प्रत्येक कागद कायद्यात बसतो आणि सगळे मिळून माणसाला गाडतात. हे निव्वळ माझं गणित नव्हे. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगापुढे एक प्रकरण असं आलं की १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावलं होतं.

पण सावकारालाच राक्षस ठरवून थांबणं मला पटत नाही. त्याच्या वरही कुणी होतं. १८३३ च्या सनदेनं ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद झाला, पण तिच्या ६० लाख पौंडांच्या भागभांडवलावर साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचं ठरलं. दरसाल ६ लाख ३० हजार पौंड. चाळीस वर्षं.  १८५७ चा उठाव मोडायचा सुमारे चार कोटी पौंडांचा खर्चही हिंदुस्थानच्याच खात्यावर. शेवटी भागधारकांना शंभराला दोनशे या भावानं मोकळं केलं आणि १ जून १८७४ ला कंपनी विसर्जित झाली. चाळीस वर्षं व्याज घेऊन वर दामदुप्पट मुद्दल.

तो लाभांश मिनिटावर आणला तर त्या वेळच्या दरानं बारा रुपये होतात. सुप्याच्या शेतकऱ्याचं ते मूळ १०० रुपयांचं कर्ज म्हणजे लंडनच्या भागधारकांची सव्वाआठ मिनिटं.

कंपनी विसर्जित झाली त्याच वर्षाच्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांचं घर दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापोटी घेतलं आणि पाडलं. साडेबारा मिनिटांचा लाभांश. गावानं सावकारावर बहिष्कार टाकला: पाणी बंद, न्हावी बंद, मजूर बंद. पाच महिन्यांनी सुपे पेटलं. दोन महिन्यांत दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत, साडेसहा हजार चौरस किलोमीटरवर पसरले. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्याच्या दहापट. पुण्याकडे ५५९ आणि नगरकडे ३९२ अशी ९५१ माणसं पकडली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

एवढ्या मोठ्या टापूत, एवढ्या रागात, माणसांवर हात फारसा पडला नाही याचं मला आजही नवल वाटतं. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले तिथं लोक ते जाळून परत गेले. कोणता कागद कुणाचा हे बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून सगळेच जाळले. अंगठा कुठं उठवला एवढंच त्यांना आठवत होतं. वर काय लिहिलं होतं ते कधीच कळलं नव्हतं.

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. साऱ्याच्या वाढीकडे त्यानं फारसं बोट दाखवलं नाही, दोष मुख्यतः सावकाराचा. तोवर १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्यात एक तरतूद होती जिची किंमत मला सगळ्यात जास्त वाटते: खत समोर आलं की न्यायाधीशानं त्यावरच्या आकड्यावर थांबायचं नाही, मागं जायचं. त्याआधीचं खत, त्याआधीचं, पार पहिल्या व्यवहारापर्यंत, आणि विचारायचं की याच्या हातात मुळात किती रुपये पडले होते.

माझ्या घराच्या कर्जाचा तक्ता माझ्या फोनवर आहे. वीस वर्षं, साडेआठ टक्के. दर लाखामागे हप्ता ८६८ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ७०८ व्याजाचे, १६० मुद्दलाचे. शेवटी एका लाखाचे दोन लाख आठ हजार होतात. प्रत्येक महिन्याची ओळ समोर आहे, २४० ओळी, आणि मी त्या वाचू शकतो. काल घणसोली स्टेशनवर गाडीची वाट पाहत मी त्या वरपासून खालपर्यंत वाचल्या.